माँटेगो बे येथील आमची चोरी

आमची चोरी म्हणजे आमच्या वस्तूंची झालेली चोरी. आम्ही केलेली नव्हे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. तथापि या हकीकतीच्या ओघांत आमच्याहि हातून एक लहानसा अपराध घडला आहे. तो वाचकांपासून लपवून ठेवण्याचा विचार नाहीं. किंबहुना तो सांगावा म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त न्यू जर्सींत राहतात. २०२३ सालच्या डिसेंबरांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. तेथील थंडीनें आमच्या गुडघ्यांचें जें झालें तें पाहून चिरंजिवांनीं नाताळच्या सुट्टींत आठ दिवस सर्वांनीं जमैका बेटावर जाण्याचा बेत केला. विमानानें सुमारें चार तासांचा प्रवास. समुद्र कोमट, हवा आपल्या कोंकणांतल्या माघासारखी, आणि नातवंडांना हवी तेवढी वाळू. बेत ठरल्यावर पुण्यास फोन गेला, आणि पुण्याहून थोरल्या वहिनींचा लागलीच उलट फोन आला. त्यांचें म्हणणें एकच : “सूनबाईच्या गळ्यांतलें मंगळसूत्र तेवढें घरीं ठेवून जा.”

वहिनींचा हा अधिकार अनुभवसिद्ध होता. त्यांचें स्वतःचें साडेतीन तोळ्यांचें मंगळसूत्र त्या सकाळीं फिरावयास गेल्या असतां मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनीं हिसकावून नेलें होतें. आणि तें कोठें परदेशांत नव्हे, तर पुण्यांत, आमच्या घरापासून दोनशें पावलांवर, दुधाच्या केंद्रासमोर. तेव्हांपासून त्यांच्या मानेवर एक बारीक व्रण आहे, आणि जगांतील यच्चयावत् रस्त्यांविषयीं त्यांचें मत कायम झालें आहे. उलट आमच्या सौ.चा सवाल असा, कीं सौभाग्यलेणें उतरवून का प्रवासास निघावयाचें? दोन खंडांच्या दरम्यान हा वाद तीन दिवस चालला. अखेर सूनबाईनेंच तोड काढली. सोन्याच्या वाट्या बँकेंत गेल्या, आणि दोघी सासवासुनांच्या गळ्यांत काळ्या मण्यांची साधी पोत आली. वहिनींचा मान राहिला, सौ.चा शब्द राहिला, आणि चोराला उमेद वाटावी असें कांहीं राहिलें नाहीं, अशी आमची समजूत झाली.

जमैका हें क्यूबाच्या दक्षिणेस कॅरिबियन समुद्रांत असलेलें बेट. माँटेगो बे हें त्याच्या वायव्य किनाऱ्यावरचें शहर. १४९४ सालीं कोलंबस येथें आला तेव्हां त्यानें या उपसागरास ‘उत्तम हवेचें आखात’ अशा अर्थाचें स्पॅनिश नांव दिलें. पुढें स्पॅनिश लोकांनीं येथून डुकराच्या चरबीचा व्यापार चालविला, आणि चरबी या अर्थाच्या ‘मांतेका’ या शब्दावरून आजचें नांव पडलें असें सांगतात. (शाकाहारी माणसानें व्युत्पत्तीच्या फार खोलांत शिरूं नये, असा सौ.चा यावर अभिप्राय पडला.) मग इंग्रज आले, ऊंस आला, आणि उंसासाठीं आफ्रिकेंतून गुलाम आणले गेले.

शहराच्या मध्यभागीं एक चौक आहे. त्यास सॅम शार्प याचें नांव दिलें आहे. हा गुलामगिरींतच जन्मलेला, बाप्तिस्त मंडळींत प्रवचनें करणारा पुरुष. १८३१ च्या नाताळांत त्यानें गुलामांकडून काम बंद करविण्याचा घाट घातला. त्यांतून मोठा उठाव झाला, आणि २३ मे १८३२ रोजीं याच चौकांत त्याला फांशीं देण्यांत आलें. १८३३ सालीं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटांत मंजूर झाला, त्याला या उठावानें मोठी चालना दिली. शार्प हा आज जमैकाचा राष्ट्रवीर आहे. त्याच चौकांत एक लहानशी जुनी इमारत उभी आहे. तिचें नांवच मुळीं ‘पिंजरा’. ती १८०६ सालीं बांधली. पळालेले गुलाम, दारू पिऊन दंगा करणारे खलाशी, आणि ठराविक वेळेनंतर रस्त्यावर आढळलेले गुलाम यांना तेथें कोंडीत असत. शहरचे रस्ते निर्धोक राखण्याची ही तेव्हांची व्यवस्था! रस्ता कोणासाठीं निर्धोक ठेवावयाचा आणि कोणापासून, हा प्रश्न त्या पिंजऱ्यापुढें उभें राहून आमच्या अकरा वर्षांच्या नातीनें विचारला, आणि आम्हांला त्याचें उत्तर त्या वेळीं इतिहासांतलें सुचलें.

पर्यटकांचें माँटेगो बे हें या चौकाहून निराळें. १९०६ सालीं मॅककॅटी नांवाच्या एका डॉक्टरानें समुद्रकांठची आपली जागा स्नानमंडळ काढण्यासाठीं दिली; ती ‘डॉक्टर्स केव्ह’ या नांवानें आजहि प्रसिद्ध आहे. १९२० नंतरच्या दशकांत हर्बर्ट बार्कर या नामांकित इंग्रज हाडवैद्यानें येथील पाण्याची वाखाणणी केली, आणि सांधे धरलेल्या धनिकांची रीघ लागली. आमच्या गुडघ्यांनींहि त्या पाण्याची परीक्षा घेतली. अनुभव प्रतिकूल नाहीं. या किनाऱ्याशेजारून जो रस्ता जातो त्यास लोक ‘हिप स्ट्रिप’ म्हणतात. पूर्वीं त्याचें नांव ग्लॉस्टर ॲव्हेन्यू होतें; २०१९ सालीं, याच सेंट जेम्स परगण्यांत जन्मलेले गायक जिमी क्लिफ यांचें नांव त्याला दिलें गेलें. दुकानें, खानावळी, रस्त्यांत गाणें-बजावणें, आणि दर वीस पावलांवर कोणी तरी पुढें येऊन कांहीं तरी विकूं पाहणारें : असा तो रस्ता आहे.

मोठीं हॉटेलें मात्र कुंपणाच्या आंत राहतात. एकदां पैसे भरले कीं खाणेंपिणें, नाचगाणें, समुद्रस्नान, सर्व कांहीं त्यांतच. या पद्धतीला जमैकांत फार बरकत आली. बुच स्टुअर्ट यांनीं १९८१ सालीं माँटेगो बे येथेंच या तऱ्हेचें आपलें पहिलें हॉटेल काढलें. पाहुण्याच्या मनगटावर रंगीत पट्टा बांधतात. पट्टा असलेला आंत, नसलेला बाहेर. किनाऱ्याविषयींचा १९५६ सालचा जो कायदा आहे त्यानें सामान्य नागरिकाला समुद्रावर जाण्याचा सरसकट हक्क दिलेला नाहीं. त्यामुळें ज्या बेटाला चहूंबाजूंनीं समुद्र, तेथल्याच मुलाला पोहावयास जागा शोधावी लागते, अशी तक्रार तेथील लोक करतात व त्यासाठीं न्यायालयांतहि गेले आहेत. २०२१ सालीं हिप स्ट्रिपच्या टोंकाला एक मोठें फुकट उद्यान समुद्रकांठीं उघडलें, तेथें मात्र संध्याकाळीं स्थानिक कुटुंबें आमच्या सारसबागेंत बसावीं तशीं बसलेलीं दिसलीं. आम्हीहि तेथें रोज बसूं लागलों. मनगटाचा पट्टा बाहींत लपविण्याची युक्ति सौ.ची.

आतां भयाविषयीं. हॉटेलचे लोक ‘बाहेर जाऊं नका’ म्हणतात, तें सर्वस्वीं निराधार नाहीं. २०१७ सालीं या एका सेंट जेम्स परगण्यांत ३३५ खून झाले. परगण्याची वस्ती दोन लाखांहूनहि कमी. १८ जानेवारी २०१८ रोजीं सरकारनें तेथें आणीबाणी पुकारली, रस्त्यावर लष्कर आलें, आणि ब्रिटिश सरकारनें आपल्या प्रवाशांस हॉटेलबाहेर हिंडणें आटोपतें घेण्यास सांगितलें. आणीबाणी वर्षभर चालली. त्या वर्षीं परगण्यांतील खून जवळजवळ एक तृतीयांशावर आले. पुढें २०२४ व २०२५ या दोन वर्षांत सबंध देशांतच खुनांची संख्या पुष्कळ खालीं आली आहे. परंतु वर्तमानपत्रांतील आंकडा वाचून आपण जें चित्र डोळ्यांपुढें आणतों तें चुकीचें असतें. त्या ३३५ जणांत जवळजवळ सारे तेथलेच रहिवासी होते, कुंपणाबाहेरचे.

आणि या रक्तपाताच्या मुळाशीं असलेली एक चोरी तर अशी, कीं तींत चोर माँटेगो बे येथें आणि नागविला जाणारा हजारों मैलांवर अमेरिकेंत! या गांवीं परदेशी कंपन्यांचीं फोनवरून गिऱ्हाइकांशीं बोलण्याचीं कार्यालयें निघालीं. त्या तऱ्हेचें बोलणें शिकलेल्या कांहीं तरुणांनीं अमेरिकेंतील वृद्धांस फोन करावे, ‘तुम्हांला मोठी सोडत लागली आहे, फक्त कराची रक्कम आधीं पाठवा’ असें सांगावें, आणि भोळ्या म्हाताऱ्यांची आयुष्याची पुंजी काढून घ्यावी, असा धंदा सुरू झाला. नांवें आणि फोननंबर यांच्या याद्यांसाठीं टोळ्याटोळ्यांत वैर पडलें. २०१३ सालीं सरकारला त्यासाठीं निराळा कायदा करावा लागला. हल्लीं आपल्याकडेहि ‘पार्सल अडकलें आहे’, ‘पोलीसकडून बोलतों’ असे फोन घरोघरच्या आजीआजोबांना येतात. तेव्हां हें प्रकरण आपल्याला फार परकें वाटूं नये.

पाहुण्यांच्या वाट्यास येते ती बहुधा लहान चोरी. तिचे प्रकार आम्हांस विमानतळावरून नेणाऱ्या मोटारवाल्यानें पहिल्या अर्ध्या तासांतच समजावून दिले. मनुष्य मोठा बोलका. परवानाधारक भाड्याच्या गाडीची पाटी तांबडी असते. तांबडी पाटी नसेल त्या गाडींत, चालक कितीहि गोड बोलला तरी, बसूं नये. वाळूंत पिशवी ठेवून सर्वांनीं मिळून पाण्यांत जाऊं नये. ‘वीस डॉलर’ म्हणजे जमैकाचे कीं अमेरिकेचे हें वस्तु हातीं घेण्यापूर्वीं विचारावें, कारण एका अमेरिकन डॉलरला जमैकाचे दीडशेंच्या वर मिळतात, आणि भांडण नेहमीं वस्तु हातीं घेतल्यानंतर होतें. ‘मला ओळखलें नाहीं? मी तुमच्या हॉटेलांतला’ असें म्हणत जो रस्त्यांत भेटतो त्याला नमस्कार करून पुढें चालावें. आणि कोणी हलकेंच कानाशीं येऊन ‘गांजा’ म्हणाला तर तेंच करावें. हा शब्द ऐकून आम्ही चमकलों. शब्द आपलाच! १० मे १८४५ रोजीं ‘ब्लंडेल’ जहाजानें हिंदी मजुरांची पहिली तुकडी या बेटावर उतरली. त्यांच्या मुखांतून तो येथें रुजला. २०१५ पासून थोडासा गांजा जवळ बाळगणें अटकेचा गुन्हा राहिलेला नाहीं, तरी रस्त्यावर त्याची खरेदी बेकायदाच आहे. आणि विमानतळावर तो सांपडला तर पाहुणा म्हणून कोणी सोडीत नाहीं.

इतकें सर्व ऐकूनहि चोरी झाली. ती अशी.

आमच्या खोलींतील तिजोरीचें कुलूप बिघडलें होतें. हॉटेलवाल्यांना सांगितलें कीं “आत्तां माणूस येतो” असें हंसून उत्तर मिळे. हें ‘आत्तां’ जमैकांत आपल्याहूनहि ऐसपैस असतें. दोन दिवस माणूस आला नाहीं. म्हणून सूनबाईनें स्वतःचा आणि धाकट्या नातवाचा पासपोर्ट जवळच्या पिशवींत घातला. चिरंजिवांनीं आपला व आमचे दोघांचे खिशांत ठेवले, नातीचाहि त्यांच्याकडेच. त्या संध्याकाळीं आम्ही रस्त्यालगतच्या एका शाकाहारी खाणावळींत गेलों. तेथील रास्ताफारी पंथाचे लोक मांस वर्ज्य करतात, त्यामुळें आमच्यासारख्यांची सोय होते. नारळाच्या दुधांत शिजविलेला राजमा-भात, आणि ‘कॅलालू’ म्हणून जी पालेभाजी आली ती पहिल्या घांसालाच सौ.नें ओळखली : आपला माठ! लसणीची फोडणी असती तर घरचीच म्हटली असती. या माठाच्या कौतुकांत आम्ही सारे गुंग असतां समोरून एकजण मण्यांचीं कांकणें घेऊन आला. नातीनें हात पुढें केला. सगळे तिच्या मनगटाकडे पाहूं लागले. कांकणवाला निघून गेला, आणि सूनबाईनें खुर्चीच्या पाठीला अडकविलेली पिशवी पाहिली तों खुर्चीची पाठ रिकामी. खुर्ची रस्त्याकडच्या बाजूची, ओटीला कठडा नाहीं. मागून हात घालून नेली असावी. कांकणवाला त्यांतला होता कीं निव्वळ योगायोगानें आला, हें आजहि सांगतां येत नाहीं, आणि म्हणून त्याच्यावर आळ घेत नाहीं.

पिशवींत सूनबाईचा फोन आणि सुमारें तीनशें डॉलर होते. त्यांचें दुःख कोणाला झालें नाहीं. दुःख पासपोर्टाचें. परदेशीं नोकरी करणाऱ्या मुलांच्या आईबापांनीं हें नीट समजून घ्यावें असें वाटतें, म्हणून विस्तारानें लिहितों. नातवाचा पासपोर्ट अमेरिकन होता. तो तेथील वकिलातींतून मिळाला असता. सूनबाईचा भारतीय. तो गेला म्हणजे त्यावर चिकटविलेला अमेरिकेचा व्हिसाहि गेला. आधीं पोलिसांचा दाखला, तो घेऊन राजधानी किंग्स्टन येथें भारतीय उच्चायुक्तालयांत नव्या पासपोर्टसाठीं अर्ज, तो मिळाल्यावर अमेरिकन वकिलातींत व्हिसासाठीं पुन्हां पहिल्यापासून अर्ज आणि मुलाखत. हरवलेल्या व्हिसाची नक्कल जवळ असली तरी तिच्यावर अमेरिकेंत प्रवेश मिळत नाहीं. तारीख केव्हां मिळेल याचा नेम नाहीं. तोंपर्यंत रजा संपते, नोकरीचा प्रश्न येतो, मुलांची शाळा सुरू होते. नक्कल व्यर्थ असें मात्र समजूं नये. पासपोर्टाच्या व व्हिसाच्या पानांचीं छायाचित्रें चिरंजिवांच्या फोनमध्यें होतीं, त्यामुळें पोलीसठाण्यांत दाखला अर्ध्या तासांत लिहून झाला. तेथें ११९ हा पोलिसांचा क्रमांक आहे. खाणावळीच्या मालकानेंच फोन करून दिला.

त्या रात्रीचें वर्णन करीत नाहीं. चिरंजीव सूनबाईला एक शब्द कठोर बोलले; तो त्यांनीं दुसऱ्या क्षणींच गिळला, पण घरांत पडलेला शब्द सर्वांना ऐकूं येतो. धाकटा नातू “आतां आपण इथेंच राहायचं का?” म्हणून आनंदानें विचारीत होता. सौ. उठली, आणि “जरा फिरून येते” म्हणून पायांत चपला सरकवूं लागली. रात्रीचे साडेआठ. मी बरोबर गेलों.

ती कोठें निघाली हें मला रस्त्यावर आल्यानंतर कळलें. खाणावळीच्या समोर गवती टोप्या, लांकडी पोपट, मण्यांच्या माळा विकणाऱ्या बायांच्या टपऱ्या होत्या. त्यांतील एका साठीच्या बाईकडून सौ.नें पहिल्याच दिवशीं एक गवती पिशवी घेतली होती, व तीहि घासाघीस न करतां. आमच्या संसारांत असा प्रसंग दुसरा नाहीं. मागाहून कारण विचारलें तर म्हणाली, “ती हुबेहूब आमच्या मालवणच्या मावशीसारखी बसली होती, एक पाय दुमडून.” त्या दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. बाईचें इंग्रजी जमैकाच्या वळणाचें, सौ.चें सदाशिव पेठेच्या. पण बाईनें सौ.च्या गळ्यांतील काळे मणी बोटानें दाखवून विचारलें होतें, आणि सौ.नें आपल्या परीनें तिला समजावून दिलें होतें. ऐकून ती म्हणाली होती, “मग, मदर, ते झग्याच्या आंत ठेव.”

बाई टपरी आवरीत होती. आम्हांला पाहतांच तिनें हंसून ओळख दाखविली नाहीं. एक टोपी सौ.च्या हातीं दिली, आणि ओठ फारसे न हलवितां बोलूं लागली. “माझ्याकडे पाहूं नको, टोपीकडे पाहा. पोरांना फोन हवा असतो, पैसे हवे असतात. तीं पुस्तकें त्यांना नको असतात. जवळ सांपडलीं तर फसतात. पुलाखालून गली समुद्राला मिळते, तेथें भिंतीलगत बदामाचें झाड आहे. तेथें टाकतात. आत्तां जाऊं नका. उजाडल्यावर दोघां पुरुषांनीं मिळून जा.” (पावसाचें पाणी वाहून नेणाऱ्या ओढ्याला तेथें ‘गली’ म्हणतात.) मग थोडें थांबून : “आणि कोणी सांगितलें म्हणून कोणालाहि सांगूं नका. पोलिसांना तर नाहींच. मला येथें रोज बसावयाचें आहे.”

सौ.नें टोपीचे पैसे दिले. बाईनें ते मोजून घेतले आणि सुटे परत केले.

परत येतांना आम्ही बोललों नाहीं. खोलीवर चिरंजिवांचें म्हणणें असें पडलें, कीं ही गोष्ट पोलिसांना ताबडतोब कळवावी. ती बाई त्या पोरांना ओळखत असली पाहिजे, आणि ती गप्प राहते म्हणूनच अशा चोऱ्या होतात. त्यांचें म्हणणें चुकीचें होतें असें मला अद्याप म्हणतां येत नाहीं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत तसेंच लिहिलेलें असतें, आणि मीं तें वर्गांत शिकविलेलेंहि आहे. पण जमैकांत ‘इन्फॉर्मर’, म्हणजे खबर देणारा, हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, आणि कित्येक वस्त्यांतून त्या शब्दाचा शिक्का बसलेल्या मनुष्याच्या जिवाची शाश्वति नसते. निनांवी खबर देतां यावी यासाठीं १९८९ पासून तेथें ‘क्राइम स्टॉप’ नांवाची फोनची निराळी सोय आहे. ती काढावी लागली यावरूनच ही भीति किती खोल आहे हें दिसतें. आमचे तीनशें डॉलर गेले. फार तर महिनाभर किंग्स्टनला राहावें लागलें असतें. त्या बाईचें काय गेलें असतें याचा हिशेब मनगटावर पट्टा असलेल्यांनीं कशाच्या आधारें करावयाचा? सौ. एवढेंच म्हणाली, “तिनें मला विश्वासानें सांगितलंय. तुम्हांला नाहीं.” वाद तेथेंच थांबला.

सकाळीं सहाला मी आणि चिरंजीव निघालों. पूल सांपडला, झाड सांपडलें. बदामाचीं मोठीं तांबडीं पानें पडलीं होतीं, त्यांवर प्लास्टिकच्या बाटल्या, एक फुटकी चप्पल, आणि भिंतीच्या कोपऱ्यांत सूनबाईची पिशवी, उलटी. दोन्हीं पासपोर्ट आंतच्या कप्प्यांत होते. एकाच्या कडेला ओल लागली होती. चिरंजीव तेथें ओल्या पानांवर मटकन् बसले. वयाच्या अडतिसाव्या वर्षीं ते माझ्यासमोर रडले. त्याचें कारण पासपोर्ट एवढेंच नसावें.

तक्रार दिली होती म्हणून पासपोर्ट मिळाल्याचें कळविणें भाग होतें. ठाण्यावर कालचाच तरुण शिपाई होता, अतिशय सभ्य. त्यानें वही उघडली आणि विचारलें, “पिशवी तेथें असेल हें आपल्याला कसें कळलें?”

मीं चौतीस वर्षें महाविद्यालयांत शिकविलें. उत्तरपत्रिकेंतील नक्कल मला वाचतांक्षणीं कळे, आणि खोटें बोलणाऱ्या विद्यार्थ्याला मीं कधीं क्षमा केली नाहीं. मीं त्या शिपायाला सांगितलें, “मला पहाटे फिरावयाची संवय आहे. सहज दृष्टीस पडली.”

त्यानें माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलें, हातांतल्या काठीकडे पाहिलें, मग पुलाच्या दिशेकडे पाहिलें. “तो फिरावयाचा रस्ता नव्हे, सर,” तो म्हणाला. आणि मीं जसें सांगितलें तसें वहींत लिहून घेतलें. त्याचें घरहि त्याच गांवीं असणार.

पुढचे तीन दिवस आम्ही त्या टपऱ्यांवरून रोज गेलों. ओळख दाखविली नाहीं. जावयाच्या दिवशीं सौ.च्या मनांत बाईला कांहीं तरी द्यावयाचें होतें. पण देणें म्हणजे दहा जणांच्या देखत बोट दाखविण्यासारखेंच, म्हणून तें राहिलें. “नांव तरी विचारून ये,” मीं म्हटलें. सौ. नको म्हणाली. “तुम्हांला खोटं बोलायची संवय नाहीं. नांव ठाऊक नसलं म्हणजे कोणी विचारलं तरी खरंच सांगाल.”

पुण्यास परतल्यावर थोरल्या वहिनींनीं सारी हकीकत दोनदां ऐकून घेतली, आणि मंगळसूत्र नेलें नव्हतें हें तिसऱ्यांदां खात्री करून घेतलें. गवती पिशवी आमच्या स्वयंपाकघरांत खुंटीवर असते. तींत लसूण ठेवतात.

२८ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘मेलिसा’ नांवाचें चक्रीवादळ जमैकाच्या पश्चिम भागावर आदळलें. त्या बेटावर आलेल्या वादळांत इतकें प्रबळ दुसरें नोंदलेलें नाहीं. माँटेगो बे येथें पाणी चढलें, छपरें उडालीं, तीं छायाचित्रें आम्ही दूरचित्रवाणीवर पाहिलीं. हॉटेलांच्या विषयींच्या बातम्या लवकर येऊं लागल्या : कोणतें केव्हां उघडणार, कोणत्या विमानसेवा सुरू झाल्या. टपऱ्यांची बातमी कोणी देत नव्हतें. सौ. दोन दिवस अस्वस्थ होती. तिसऱ्या दिवशीं तिनें न्यू जर्सीस फोन लावविला. तेथल्या एका मदतसंस्थेमार्फत चौकशी होऊं शकते, असें चिरंजिवांनीं आधींच काढून ठेवलें होतें. त्यांनीं कागद-पेन्सिल घेतल्याचा आवाज आम्हांला ऐकूं आला.

“हं, आई,” ते म्हणाले, “नांव काय सांगूं?”